पिशवी काढू की थांबू? त्याच्या आधीचा प्रश्न

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

तुमचं वय ४३. सातपूरला कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर उभ्याचं काम. दोन मुलं, दोन्ही सिझर, आणि दुसऱ्या सिझरच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. दीड वर्षापासून पाळी कधी वीस दिवसांत येते, कधी पावणेदोन महिने येतच नाही. आली की नऊ-दहा दिवस अंगावरून जातं. पहिले तीन दिवस गाठी पडतात, दीड-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं. हिमोग्लोबिन ८.२. सोनोग्राफीत लिहून आलंय की गर्भाशय ‘बल्की’ आहे, आतलं अस्तर १३ मिलिमीटर आहे आणि मागच्या भिंतीत २ सेंटिमीटरची फायब्रॉइडची, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, पिशवी काढून टाका. जाऊबाई म्हणतात, पाळी जायची वेळ आली, दम धर. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात भाच्याचं लग्न आहे, तर पाळी पुढे ढकलायची गोळी घेऊ का.

मी चोवीस वर्षं नाशिकमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. ‘काढू की थांबू’ हा प्रश्न माझ्या ओपीडीत आठवड्यातून चार-पाच वेळा तरी येतो, आणि बहुतेक वेळा त्याच्या आधीचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. रक्त का जातंय? तुमच्याही बाबतीत ते अजून शोधायचं राहिलंय. हातातल्या एका सोनोग्राफीवर ऑपरेशन ठरवता येणार नाही, आणि ८.२ हिमोग्लोबिनवर दम धरून बसताही येणार नाही. तुम्हाला न तपासता मी निदान सांगू शकत नाही. पण तुम्ही माझ्यासमोर बसला असतात तर मी कुठल्या क्रमाने विचार केला असता, ते नीट सांगते.

पहिली गोष्ट. ‘जास्त जातं’ आणि ‘मागेपुढे होते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांच्यामागे सहसा वेगळी कारणं असतात. पाळी दर महिन्याला तारखेला येते, पण येते तेव्हा खूप जातं, असं असेल तर माझं लक्ष गर्भाशयाकडे जातं: फायब्रॉइड, अ‍ॅडिनोमायोसिस (अस्तर स्नायूत शिरणं, त्याबद्दल पुढे सांगते), आत बसवलेली तांबी (कॉपर-टी), रक्त गोठण्याचा एखादा जन्मजात दोष. पाळीचा काही नेमच उरलेला नसेल तर आधी बीजाकडे बघावं लागतं, म्हणजे दर महिन्याला अंडाशयातून बीज बाहेर पडतंय की नाही. तुम्हाला दोन्ही तक्रारी आहेत, म्हणून दोन्हीकडे बघावं लागेल.

साधारण हिशेब असा धरतात: एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत. एका पाळीत ८० मिलिलिटरच्या वर रक्त गेलं तर ते जास्त, अशी जुनी व्याख्या आहे. पण घरी मोजणार कोण? म्हणून आता ज्या पाळीमुळे बाईचं रोजचं जगणं अडतं ती जास्त, असंच धरतात. तरीही अंदाज घ्यायला १९९० पासून एक सोपी पद्धत वापरात आहे. जेमतेम डाग पडलेल्या पॅडला १ गुण, मध्यम भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०. छोट्या गाठीला १, मोठीला ५. एका पाळीची बेरीज १०० किंवा त्याहून जास्त भरली तर रक्त ८० मिलिलिटरच्या वर गेलं असं धरायचं. फक्त हल्लीची मोठी, जेलवाली पॅडं जास्त रक्त धरतात, त्यामुळे ‘दिवसाला तीनच पॅड लागतात’ यावर मी विसंबत नाही. बाई कापड वापरत असेल तर वेगळं विचारते. रात्री उठावं लागतं का? बाहेर पडताना दोन-दोन घड्या घ्याव्या लागतात का? त्या चार दिवसांत लग्नाकार्याला जाणं टाळता का?

मागच्या पावसाळ्यात दिंडोरी भागातून एक बाई आल्या होत्या, द्राक्षबागेत थिनिंगचं (घड विरळ करायचं), डिपिंगचं (घड औषधात बुडवायचं) रोजंदारीचं काम करणाऱ्या. ‘पाळी कशी येते?’ म्हटल्यावर त्यांनी पिशवीतून कालनिर्णयच घडी करून बाहेर काढलं. भिंतीवरून उतरवून आणलेलं, वरचा खिळ्याचा भाग फाटलेला. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख, बचत गटाचा हप्ता, आणि त्या सगळ्याच्या मधून लाल पेनाचे ठिपके. जास्त गेलं त्या दिवशी दोन ठिपके, गाठ पडली तर ठिपक्याभोवती गोल. सात महिन्यांची पानं मी एकेक करून टेबलावर उलटली आणि दहा मिनिटांत मला जे कळलं ते कुठल्याही मशीनने सांगितलं नसतं. त्यांची पाळी खरं तर वेळेवर येत होती. मधल्या दिवसांत जे जात होतं ते वेगळंच होतं, संबंधानंतर जाणारं. गर्भाशयाच्या तोंडाशी एक पॉलिप, म्हणजे छोटा मांसल कोंब होता, तो काढला आणि थांबलं. त्यांनाही कुणीतरी पिशवी काढायला सांगितलेलं होतं.

म्हणून आजपासून तुम्हीही कॅलेंडरवर खुणा करा. मागच्या सहा महिन्यांचं आठवतं तेवढं लिहून काढा.

आता बीजाचं बोलते, कारण तुमच्या वयाला बहुतेक गुंतागुंत तिथेच असते. महिन्याच्या पहिल्या अर्ध्यात इस्ट्रोजेन हे संप्रेरक गर्भाशयाच्या आत अस्तराचा थर चढवतं. बीज बाहेर पडलं की दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, तयार होतं आणि ते त्या थराला पक्कं करतं. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येतं आणि सगळं अस्तर एकाच वेळी सुटून बाहेर पडतं. ती पाळी. चाळिशीनंतर काही महिन्यांत बीज बाहेरच पडत नाही. मग प्रोजेस्टेरॉन नाही, आणि इस्ट्रोजेन मात्र थरावर थर चढवत राहतं. मातीच्या घरात वाळू न देता सारवणावर सारवण करत गेलं की काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. जमीन एकसारखी राहत नाही, कुठे पोपडा आज सुटतो, कुठे चार दिवसांनी. अस्तराचंही तसंच होतं. दोन महिने काही नाही आणि मग पंधरा दिवस तुकड्या-तुकड्याने जात राहतं. वजन जास्त असेल, पीसीओएस (बीज वेळेवर बाहेर न पडण्याचा अंडाशयाचा विकार) असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल तर हेच तरुण वयातही होतं. चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

म्हणजे जाऊबाईंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशी जाऊ शकतात. पण ‘वय झालं’ हे निदान बाकीची कारणं बाजूला केल्यावर करायचं असतं. आणि पाळी जाताना रक्त वाढतंच, हा समज घातक आहे. पाळी लांबत लांबत, कमी होत जाणं हे नेहमीचं. वाढणं हे तपासायचं लक्षण. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक ठिपका जरी दिसला तरी तो तपासलाच पाहिजे, हेही इथेच सांगून ठेवते, घरातल्या मोठ्या बायकांसाठी.

आता तुमच्या रिपोर्टमधले तीन शब्द. ‘बल्की’ म्हणजे नेहमीपेक्षा थोडं मोठं, एवढंच. दोन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. कधी त्यामागे अ‍ॅडिनोमायोसिस असतो, म्हणजे आतलं अस्तर स्नायूच्या भिंतीत शिरलेलं. त्यात पाळीला पोट खूप दुखतं, जड वाटतं. तुम्ही दुखण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, ते डॉक्टरांना सांगा. ‘बल्की युटेरस’ हे शब्द वाचून ऑपरेशनला तयार झालेल्या किती बायका मी पाहिल्या आहेत, सांगता येत नाही.

फायब्रॉइडमध्ये आकारापेक्षा जागा महत्त्वाची. आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ धो-धो रक्त घालवू शकते, आणि बाहेरच्या बाजूला असलेली सहा सेंटिमीटरची गाठ काहीही त्रास देत नाही. तुमची दोन सेंटिमीटरची, भिंतीतली. ती अस्तराला ढकलतेय का, हे रिपोर्टमध्ये नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या. पोटावरून केली असेल तर एकदा आतून, योनिमार्गातून केलेली सोनोग्राफी करावी. त्यात हे स्वच्छ दिसतं. ‘गाठीचा कॅन्सर होईल’ अशी भीती कुणी घातली असेल तर ती मनातून काढा. साध्या फायब्रॉइडचा कॅन्सर होणं अत्यंत विरळ.

आणि १३ मिलिमीटर. पाळी चालू असलेल्या बाईत हा आकडा कोणत्या दिवशी मोजला त्यावर अवलंबून असतो. पाळीच्या आधी १३-१४ असणं नॉर्मल आहे. पाळी संपल्या-संपल्या तेवढं असेल तर विचार करायला हवा. पाळी पूर्ण बंद झालेल्या आणि रक्त गेलेल्या बाईत ४ मिलिमीटरच्या वर आम्ही सावध होतो, आणि तोच नियम चुकून चाळिशीतल्या बाईला लावला की घबराट होते. तुमची सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी झाली होती, आठवून बघा.

तरीही तुमच्या अस्तराची तपासणी, म्हणजे बायोप्सी, व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे. वय पंचेचाळिशीच्या जवळ, तक्रार दीड वर्षाची आणि पाळीला नेम नाही. महिनोन्‌महिने प्रोजेस्टेरॉनशिवाय वाढलेल्या अस्तरात पेशी बदलू शकतात. बहुतेकींच्या बायोप्सीत काही वाईट निघत नाही. पण निघतं तेव्हा ते वेळेत कळलेलं बरं, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात ३८ वर्षांच्या एका बाईंना मी बायोप्सी न करता चार महिने हार्मोनच्या गोळ्या देत राहिले. वजन ९२ किलो, मधुमेह, पाळी कायम मागेपुढे. गोळी चालू असली की थांबायचं, बंद केली की पुन्हा सुरू. वय कमी म्हणून मी निर्धास्त होते. शेवटी बायोप्सी केली तेव्हा अस्तरात कॅन्सरच्या आधीची पायरी निघाली. ऑपरेशन झालं आणि त्या आज ठणठणीत आहेत, पण ते चार महिने माझ्या अजून लक्षात आहेत. तेव्हापासून वय कमी असलं तरी वजन, मधुमेह, पीसीओएस असेल किंवा औषधाला दाद मिळत नसेल तर मी बायोप्सीला उशीर करत नाही.

बायोप्सी म्हणजे मोठं काही नाही. ओपीडीतच, भूल न देता, तीन मिलिमीटरची लवचीक नळी आत घालून अस्तराचा नमुना घेता येतो. पाळीत दुखतं तशी कळ मिनिटभर येते. कधी नमुना पुरेसा मिळत नाही, किंवा पोकळीत पॉलिपची शंका असते. तेव्हा भूल देऊन दुर्बिणीतून बघावं लागतं. ज्याला सगळे ‘पिशवी साफ करणं’ म्हणतात ते क्युरेटिंग हा त्या दिवसाचा रक्तस्राव थांबवण्याचा आणि तपासणीचा मार्ग आहे, कायमचा उपचार नाही. साफ करून दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच सुरू झालं, असं सांगणाऱ्या बायका येतात, त्याचं कारण हेच.

याच्यासोबत रक्त तपासण्या: पूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा कळायला), टीएसएच (थायरॉइडसाठी). गर्भाशयाच्या तोंडाची डोळ्यांनी तपासणी आणि पॅप स्मिअर, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी. आणि लघवीतली गरोदरपणाची चाचणी. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय म्हणून तिच्यावर हसू नका. ते ऑपरेशनही क्वचित फसतं, आणि फसतं तेव्हा गर्भ नळीत राहण्याचा धोका असतो. तुमच्या घरात कुणाला दात काढल्यावर, बाळंतपणात खूप रक्त गेलंय का, तुमचं नाक फुटायचं का, वयात आल्यापासूनच पाळी जड होती का, हेही मी विचारते. पहिल्या पाळीपासून जड जाणाऱ्या मुलींमध्ये रक्त गोठण्याचा दोष असू शकतो आणि तो वर्षानुवर्षं कुणी शोधत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

आता सगळ्यात निकडीची गोष्ट, जी यातल्या कशाचीही वाट न बघता आजच सुरू करायची: तुमचं हिमोग्लोबिन. गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली अ‍ॅनिमिया, ८ च्या खाली तीव्र. तुम्ही काठावर आहात. दर पाळीला लोह जातंय आणि भरून निघत नाहीये. आठ तास उभं राहून काम करताना पाय गळून जाणं, जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, चिडचिड, हे सगळं तुम्ही कदाचित ‘दगदग’ या नावाखाली सहन करत असाल. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायका अ‍ॅनिमियाच्या निघाल्या. हे दुखणं इतकं सर्रास आहे की बायकांना थकणं हाच आपला स्वभाव वाटायला लागतो.

डाळिंब आणि बीट खाऊन हे भरणार नाही. सटाणा-देवळ्याची डाळिंबं जरूर खावीत, पण शंभर ग्रॅम दाण्यांत अर्धा मिलिग्रॅमही लोह नसतं, आणि तुमची तूट हजार मिलिग्रॅमच्या आसपास किंवा वर असणार. म्हणून गोळी हवीच. ती रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्या किंवा एक दिवसाआड घ्या, पण बंद करू नका. शौचाला काळं होणं अपेक्षितच आहे. हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून थांबायचं नाही, साठा भरायला आणखी तीन महिने लागतात. पोटाला सोसलंच नाही, किंवा ऑपरेशन लवकर करायचं ठरलं, तर शिरेतून लोह देता येतं. एक-दोन बैठकींत बरंच भरून निघतं. ‘ताकदीचं सलाइन’ म्हणून जे गावोगाव लावतात त्यात मात्र लोह नसतं, हे लक्षात ठेवा.

रक्त कमी करायला काय आहे? बायोप्सीचा रिपोर्ट चांगला आला असं धरून सांगते.

सगळ्यात साधं म्हणजे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड. पाळीच्या जड दिवसांत दिवसातून तीन वेळा, चार-पाच दिवसच. रक्त साधारण निम्म्यापर्यंत कमी होतं. हे हार्मोन नाही. मात्र पायाच्या शिरेत, फुफ्फुसात किंवा मेंदूत पूर्वी गुठळी झालेली असेल तर ते चालत नाही. सोबत मेफेनॅमिक अ‍ॅसिड दिलं की दुखणंही कमी होतं. पण पाळीचा नेम यांनी बसत नाही, फक्त रक्त आटोक्यात येतं.

नेम बसवायचा तर जे कमी पडतंय ते द्यावं लागतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन. गोळ्यांनी देता येतं, महिन्यातले ठरावीक दिवस. किंवा ऑर्मेलॉक्सिफेन, ही लखनौच्या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. गर्भनिरोधक म्हणून ती ‘छाया’ या नावाने सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. रक्तस्रावासाठी सुरुवातीचे तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, अशी देतात. काही जणींची पाळी तिने फार लांबते, म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

तुमच्यासारख्या बाईला मी बहुतेक वेळा सुचवते ती हार्मोनची तांबी, मिरेना किंवा तिच्यासारखी दुसरी. नावात तांबी असली तरी तिच्यात तांबं नसतं. साध्या तांबीने रक्त वाढतं, हिने कमी होतं. ती आत बसून थोडं-थोडं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध थेट अस्तरावर सोडते, पाच वर्षं तरी काम करते आणि रक्त ७० ते ९५ टक्क्यांनी कमी करते. सिझर झालेल्या बाईला ती बसवता येते. पण एक गोष्ट बसवायच्या आधी स्पष्ट सांगायला हवी: पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागत राहतात. हे आधी सांगितलं नाही की बाई दुसऱ्या महिन्यात वैतागून काढून टाकते. पुढे काहींची पाळी जवळपास बंद होते, आणि मग सासूबाई विचारतात, ‘घाण आत साठत असेल ना?’ नाही साठत. अस्तरच पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं. पाळीचं रक्त मुळात घाण नाहीच. शिरेतून वाहतं तेच रक्त आहे ते.

आता पिशवी काढणं. मी हे ऑपरेशन करते आणि ज्या बाईला त्याची खरी गरज आहे तिला ते नवं आयुष्य देतं, हेही मी पाहिलं आहे. बायोप्सीत पेशी बदललेल्या निघाल्या, औषधं आणि तांबी दोन्ही करूनही रक्त थांबत नाही, मोठ्या फायब्रॉइड आहेत आणि आता मूल नको, अ‍ॅडिनोमायोसिसने दर महिन्याला जीव नकोसा होतो: अशा वेळी मी स्वतः सांगते, काढूया. आणि सगळे पर्याय नीट समजून घेतल्यावर एखादी बाई म्हणाली की मला तांबी नको, गोळ्या नकोत, ऑपरेशनच हवं, तर तो तिचा अधिकार आहे. माझा आक्षेप आहे तो पहिल्याच भेटीत, बायोप्सीशिवाय, एका सोनोग्राफीवर ते ठरवण्याला.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी सगळीकडे गाजली, तुम्हीही ऐकली असेल. ८२,३०९ जणींच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी आधीच काढलेली निघाली. खाडा पडला की पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि पाळीच्या चार दिवसांवर एकच उपाय पुढे ठेवला जातो. आपल्याकडे बागेतल्या मजुरीवर आणि कंपनीतल्या लाइनवरही तोच हिशेब होताना मला दिसतो. ‘मॅडम, दीड तासाला सुपरवायझरला विचारून उठायचं कसं?’ असं एक बाई रडत म्हणाल्या होत्या. त्यांना ऑपरेशन हवं होतं, कारण कंपनीत बाथरूम दूर होतं. तुमच्याही निर्णयात कामाचा ताण किती आणि शरीराची गरज किती, हे एकदा शांतपणे बसून बघा.

ऑपरेशन ठरलंच तर दोन गोष्टी आधीच विचारा. अंडाशय ठेवणार का? तुमच्या वयात सबळ कारण नसेल तर ती ठेवायलाच हवीत. ती काढली की एका रात्रीत पाळी गेल्यासारखं होतं: अंगातून वाफा, हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा धोका वाढणं. ठेवली तरी पाळी जाण्याचा काळ थोडा आधी येऊ शकतो. गर्भनलिका मात्र सोबत काढल्या तर पुढे अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. आणि दुसरं, दोन सिझरमुळे मूत्राशय गर्भाशयाला चिकटलेलं असू शकतं, तेव्हा अशा ऑपरेशनचा अनुभव किती आहे, हे विचारायला संकोच करू नका. कुणाही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात या तपासण्या आणि उपचार होतात, आणि दुसरं मत घ्यायलाही ती चांगली जागा आहे.

कधी थांबायचं नाही, तेही सांगते. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, बसल्या जागी धाप लागते: अशा वेळी रात्रीचे दोन वाजलेले असले तरी जवळच्या रुग्णालयात जा. एकट्या रिक्षाने जाऊ नका, सोबत कुणाला तरी घ्या.

राहिलं लग्न. पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे नोरेथिस्टेरॉन. नाशिककरांना ती नवी नाही. सप्तशृंगी गडावर जायचं, त्र्यंबकला पूजा आहे, घरी गौरी आहेत, की मेडिकलमध्ये जाऊन पाकीट मागायचं. २०१५ च्या सिंहस्थात तर माझ्याकडे रोज कुणी ना कुणी याच गोळीसाठी येत होतं. नियमित पाळी असलेल्या, गुठळीचा, लिव्हरचा त्रास नसलेल्या बाईने डॉक्टरांना विचारून क्वचित घेतली तर मी नाही म्हणत नाही. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायची, आणि बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण तुमची तारीखच ठरलेली नाही, मग तीन दिवस आधी म्हणजे नक्की कधी? शिवाय अस्तर जाड असताना ते अडवून धरलं तर गोळी थांबवल्यावर एकदम खूप जाऊ शकतं, आणि ८.२ वर तुम्हाला ते परवडणार नाही. बायोप्सीच्या आधी ती घेतली तर नमुन्याचं चित्रही बदलतं. म्हणून तुम्ही ही गोळी स्वतःहून घेऊ नका. याच आठवड्यात तपासायला जा, लोह आजपासून सुरू करा आणि लग्नाची तारीख डॉक्टरांना सांगा. बायोप्सी आधी उरकली तर त्या तारखेचा विचार करून डॉक्टर औषध बसवून देऊ शकतील. नाहीच जमलं, तर ट्रॅनेक्झॅमिकची पट्टी पर्समध्ये ठेवून, गडद रंगाची साडी नेसून तुम्ही लग्नाला जाल. हळदीला उभं राहायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि तुम्ही खुर्चीवर बसा.

जाताना सोनोग्राफीचा रिपोर्ट, जुने रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि कॅलेंडर, एवढं पिशवीत घालून न्या.